गाणं कुणाचंच नाही, असं आम्ही छापलं

मामाचं गाणं बिल्डरने चोरलं, हे मी गेलं वर्षभर चौकाचौकात बोलत आले आहे. माईकवरून बोलले, पत्रकात लिहिलं, बिल्डरच्या साइट ऑफिसात जाऊन मॅनेजरच्या तोंडावर बोलले. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण त्या चोरीसाठी दार कुणी उघडून दिलं, हे मी आजवर कुठल्याच चौकात बोलले नव्हते. ते आम्ही उघडून दिलं. आमच्या संघटनेने. आणि संघटनेत ते काम माझ्याकडे होतं, म्हणजे मी.

मामा पालेगावचा, आईचा सख्खा धाकटा भाऊ. तरुणपणी जहाजावर इंजिन रूममध्ये होता. परत आल्यापासून बँजो पार्टीत गातो. हळदीला, गणपतीला, साखरपुड्याला वाजवायला बोलावतात ती बँजो पार्टी: बँजो, कीबोर्ड, कच्छी ढोल, झांजा आणि कानठळ्या. बाकीच्या पार्ट्या जे वाजवतात ते मामाची पार्टीही वाजवते. पण मध्येच मामा एखादं गाणं असं काढतो की ढोलवाला पहिला ठोका चक्क सोडून देतो आणि तिसऱ्यावर पडतो. नाचणाऱ्यांना क्षणभर कळतच नाही पाय कुठे टाकायचा. मग कळतं, आणि मग ते थांबायचं नाव घेत नाहीत. तो रेगे आहे. तिकडे कॅरिबियन बेटांवर गातात तो, अस्सल जुन्या वळणाचा रेगे, आणि शब्द आगरी.

ढोलवाला सुरुवातीला वैतागायचा. "मामा, हा लंगडा वाजतंय."

"लंगडू दे. तू पहिल्यावर हात उचलून ठेव नि गप रव."

"लोक बोलतील मना ताल येत नाय."

"तुला येत नायच. म्हनून तर शिकवतंय."

मामा हे शिकला कुठे, तर त्याचं जहाज एकदा तिकडच्या एका बेटावर दुरुस्तीसाठी अडकलं. बरोबरचे लोक बंदरावरच्या बारमध्ये बसायचे, मामा बंदरामागच्या वस्तीत फिरायचा. तिथे पत्र्याच्या कुंपणाचं एक आवार होतं. माणसाच्या उंचीचे स्पीकर एकावर एक चढवलेले, आणि समोर एक माणूस डोळे मिटून गात होता. कमरेपर्यंत जटा. इंग्रजीत गात होता, पण ती त्यांची इंग्रजी, मामाला दहातला एक शब्द लागायचा. "पर बाय, मना वाटला यो आपल्या गावचाच हाय. शेत गेल्यावर मानूस कसा बोलतो, तसा बोलत होता." जहाज सुटेपर्यंत मामा रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहिला. कुंपणापाशी मासे तळणारी एक बाई होती, तिने हातवारे करून करून त्याला गायकाची सगळी कहाणी सांगितली. निघताना मामाने त्याच्या पाच कॅसेट घेतल्या. अजून आहेत. त्यातली एक वाजते.

मी कॉलेजात असताना त्या गायकाच्या मुलाखती मोबाईलवर शोधून काढल्या. मासेवालीने सांगितलेलं जवळपास सगळं खरं होतं. ऊसतोड करणाऱ्यांच्या घरात जन्मला. त्या उसासाठीच त्याचे पूर्वज आफ्रिकेतून साखळीने बांधून आणले होते. चर्चमध्ये गायला शिकला, शहरात आला, गोदीत वेल्डिंगला लागला. सुट्टीच्या दिवशी स्टुडिओच्या फाटकाबाहेर रांगेत उभा राहायचा. त्याच्यासारखे कितीतरी, उन्हात, प्रत्येकाच्या डोक्यात एक गाणं. एकदा त्याला आत घेतलं. त्याने स्वतः रचलेलं गाणं एका दमात म्हटलं, जमिनीवरून हाकललेल्या लोकांचं गाणं. रेकॉर्ड निघाली. लेबलवर गायक म्हणून त्याचं नाव होतं आणि गीतकार म्हणून स्टुडिओच्या मालकाचं. त्या मालकाने आयुष्यात चार ओळी जुळवल्या नसतील. बसमध्ये रेडिओवर ते गाणं लागलं तेव्हा हा शेजारच्याला म्हणाला, माझं आहे. शेजारचा हसला.

तरी गात राहिला. दिवसा वेल्डिंग, संध्याकाळी गाणं. जटा वाढवल्या म्हणून पोलिसांनी चौकीत नेऊन कापल्या. पुन्हा वाढवल्या. पन्नाशी उलटल्यावर कधीतरी लंडनच्या कुठल्याशा कंपनीने जुन्या गाण्यांचा संग्रह काढला, त्यात हे गाणं घेतलं आणि रचनाकाराच्या जागी काय छापलं? पारंपरिक. माणूस त्याच वस्तीत राहत होता, सकाळी उठून कामाला जात होता, आणि त्याला पारंपरिक करून टाकला! दगड-धोंडे पारंपरिक, देवळाचा कळस पारंपरिक, तसा हा.

मला आठवतं, ही कहाणी वाचल्यावर माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी शिरगावच्या आमच्या घरातल्या भिंतीवर खडूने 'पारंपरिक' लिहून त्यावर फुली मारली. आई म्हणाली, "भिंत पुसशील ना नंतर?"

मग विहिरीचं प्रकरण झालं. पालेगावात सार्वजनिक विहीर होती, गावठाणाच्या टोकाला. नळाला पाणी नसलं की अख्खा पाडा तिच्यावर. शेजारची जमीन बिल्डरने घेतली, आणि एका सकाळी जेसीबी लावून विहीर बुजवली. गटार बुजवावं तशी. कागदावर ती विहीर नव्हतीच म्हणे. आम्ही आंदोलन केलं. तहसीलला निवेदन, नगरपालिकेवर मोर्चा, अंबरनाथच्या चौकात धरणं, सगळं केलं. पण पत्रकं वाचून लोक घडी करून खिशात ठेवत होते. लोक जागचे हलले ते मामाच्या गाण्याने. मामाने ते विहिरीच्या बुजवलेल्या तोंडावर उभं राहून पहिल्यांदा म्हटलं, बँजो नाही, माईक नाही, फक्त तो ढोलवाला पहिला ठोका सोडत होता.

इहीर बुजवली, पानी कुठं गेला?
इचार तुज्या टाकीला, इचार तुज्या टाकीला.

कडवी सात. सातव्यात बिल्डरच्या पार्किंगमधल्या गाडीखालून विहीर बोलते. मी कुणाच्या गाण्यावर रडणारी नाही. त्या दिवशी रडले.

मामाला लिहायचा कंटाळा. मी वहीत उतरवून घेतलं, सातही कडवी. संघटनेने आंदोलनाची पुस्तिका काढायची ठरवली, सोळा पानांची, त्यात हे गाणं मधल्या दोन पानांवर. पुस्तिकेची जुळवाजुळव माझ्याकडे होती.

आता आमची रीत सांगते. आमच्या संघटनेत पत्रकावर, पुस्तिकेवर, गाण्यावर कुणाचंही नाव टाकत नाहीत. व्यक्तिपूजा नको, श्रेयाची मारामारी नको. जे आहे ते सगळ्यांचं. ही रीत मला फार आवडायची. गावात बारशाच्या बॅनरवरसुद्धा चौदा पुढाऱ्यांचे फोटो असतात, त्यात आमचं असं बिनचेहऱ्याचं पत्रक हातात घेतलं की छाती फुगायची. मी अनेकांशी यावरून भांडले आहे. एका कवीने त्याच्या कवितेखाली नाव मागितलं तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, "तुम्हाला कविता छापायची आहे की व्हिजिटिंग कार्ड?" टाळ्या मिळाल्या होत्या मला.

तर मामाच्या गाण्याखाली मी छापलं: जनतेचं गाणं. आणि शेवटच्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरात: 'या पुस्तिकेतली गाणी कुणाच्याही मालकीची नाहीत. गा, छापा, वाटा.' हे वाक्य माझं. मीच घडवलं होतं.

सगळ्यात लाज वाटते ती यापुढची गोष्ट सांगायची. पुस्तिका छापून आली त्याच रविवारी आमचा अभ्यासवर्ग होता, आणि त्यात मी बोलले त्या बेटावरच्या गायकावर. तासभर बोलले. लेबल, मालक, लंडनची कंपनी, पारंपरिक. "जिवंत माणसाला पारंपरिक म्हणणं म्हणजे त्याला जिवंत पुरणं," असं टेबलावर हात आपटून म्हटलं. मामा मागच्या सतरंजीवर बसला होता, मीच बोलावला होता. भाषण संपल्यावर दारात मी प्रत्येकाला पुस्तिका दिली, मामालाही दिली. त्याने मधली पानं उघडली. गाण्यावरून बोट खाली नेलं, पान उलटलं, परत मागे आला.

"बाय, माजा नाव कुठं हाय?"

"मामा, आपल्यात नाव टाकत नाहीत. गाणं लोकांचं झालं ना आता."

"लोकांचा झाला ता चांगला झाला. पर केला कोनी?"

मी हसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी हसले, आणि पुढच्या माणसाला पुस्तिका द्यायला वळले.

चार महिन्यांनी खरवईच्या रस्त्याला एक टेम्पो फिरायला लागला. मागे पोस्टर: टॉवर, स्विमिंग पूल, गोरी मुलं. स्पीकरवर मामाची चाल. तोच सुटलेला पहिला ठोका, तीच लकब. शब्द असे:

पानी कुठं गेला? आपल्या घरी आला!
चोवीस तास आला, चोवीस तास आला!

ज्याने विहीर बुजवली त्याच बिल्डरचा प्रकल्प. त्याच विहिरीवर उभा. विहीर बुजवायची, तिचं रडगाणं उचलायचं, आणि त्याच चालीवर चोवीस तास पाण्याची जाहिरात करायची. मी रिक्षा थांबवली, टेम्पोच्या आडवी उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "ओ मॅडम, मैं तो खाली चलाता हूँ, गाना ऑफिसवालों का है." खरं होतं. मी तशीच साइट ऑफिसात गेले.

मॅनेजर कल्याणकडचा, गुळगुळीत मराठी. त्याने मला पाणी दिलं. मी घेतलं नाही. मी म्हटलं, हे गाणं माझ्या मामाचं आहे. तो म्हणाला, असं का? आणि टेबलाचा खण उघडून आमची पुस्तिका काढली. आमचीच! आम्ही त्याच्याच गेटवर वाटली होती.

"हे तुमचंच ना? जनतेचं गाणं. बरोबर?" मग शेवटचं पान उलटून चौकट मोठ्याने वाचून दाखवली. "गा, छापा, वाटा. आम्ही तेच केलं ताई. आणि बिल्डर पण जनताच आहे की. का आम्हाला बाहेर काढलंय तुम्ही जनतेतून?"

शिपायासकट सगळे हसले. मी खूप बोलले. काय बोलले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मी बोलत असताना तो माझंच वाक्य बोटाने धरून बसला होता, आणि ते वाक्य बरोबर होतं, नेमकं होतं. लिहिताना मी फार मेहनत घेतली होती त्यावर.

मामाला सांगायला गेले तर त्याला आधीच माहीत होतं. आदल्या आठवड्यात एका हळदीत त्याने गाणं सुरू केलं, आणि मांडवातल्या बायका, पोरं, सगळ्यांनी पुढची ओळ उचलली: चोवीस तास आला, चोवीस तास आला. नाचत होते. त्यांना मजा वाटत होती. नवऱ्याचा काका म्हणाला, "मामा, जाहिरातीचा गाना भारी बसवला तुमी!"

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. बंद केला. कोली गाना लावला."

त्याने त्यानंतर ते म्हणणंच सोडलं होतं. मला म्हणाला, "मना पैका नको त्याचा. मना टेम्पो पन बंद नको करू. एवढाच पायजे का कागदावर येऊ दे, यो गाना कोनी केला. तुमीच छापला ना? तुमीच सांगा."

हे एवढंच. याच्यापेक्षा कमी माणूस काय मागेल?

मी पुरावा शोधायला लागले. पुस्तिका उल्हासनगरला छापली होती, एका गल्लीतल्या प्रेसमध्ये. मालक सिंधी काका, सत्तरीचे, सगळ्या मजकुराची मूळ प्रत फाइलला लावून ठेवायची त्यांना सवय. मोठ्या आशेने गेले. त्यांनी फाइल काढली, धूळ झटकली, कागद काढला. गाणं होतं, सातही कडवी. अक्षर माझं.

"ये तो तेरी राइटिंग है बेटी."

"हां काका. लिखा मैंने, गाना मामा का है."

"वो कागज पे किधर है?" मग त्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक टायपात 'मुद्रक' म्हणून त्यांच्या प्रेसचं नाव, 'प्रकाशक' म्हणून आमच्या संघटनेचं. "देख. मेरा नाम है, कानून से लगता है. तेरे संघटनेवालों का है. मशीन चलानेवाले का नाम है साईं, और गानेवाले का नहीं?"

बिनचेहऱ्याचं पत्रक म्हणून मी मिरवत होते, त्याच्या तळाशी आमचं नाव होतंच. कायमच होतं. फक्त मामाचं नव्हतं. आणि मामा उद्या मेला असता, तर त्या फाइलमधल्या कागदावरून गाणं माझं ठरलं असतं. स्टुडिओचा मालक व्हायला मला फक्त गप्प बसायचं होतं.

वकील म्हणाला, संघटनेने लेखी द्यावं की गाणं यांचं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी यांनी प्रथम म्हटलं, नाव छापलं नाही ही आमची चूक. मग काहीतरी करता येईल. मी बैठकीत विषय ठेवला. आमच्या ज्येष्ठ ताई अध्यक्ष. त्यांचं आयुष्य आंदोलनात गेलं, दोनदा तुरुंगात गेल्या, मला बोलायला त्यांनी शिकवलं. त्या म्हणाल्या, "चूक हा शब्द नको. ती आपली भूमिका आहे."

"ताई, भूमिकेमुळे गाणं बिल्डरकडे गेलं."

"शब्द गेले नाहीत. चाल गेली. आणि चाल तरी कुठे मामांची? ती तिकडची आहे, वेस्ट इंडीजची, असं तूच भाषणात सांगितलंस."

"ठेका तिकडचा! चाल मामाची."

"शिवाय तिसऱ्या कडव्यात आपण दोन शब्द बदलले होते. सामूहिक निर्मिती आहे ती."

दोन शब्द. मामाचा 'पानी' आम्ही 'जीवन' केला होता एका ठिकाणी, तो सुद्धा वाईट बसला होता. तेवढ्यावर सगळी संघटना गीतकार! मी ओरडले. मी म्हटलं, मग सरळ 'पारंपरिक' छापा ना! कुणी हसलं नाही. शेवटी ठराव झाला: मागणी तत्त्वतः मान्य, पुढच्या आवृत्तीत योग्य तो उल्लेख करण्याबाबत विचार व्हावा. पुढची आवृत्ती निघणार नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. नगरपालिकेच्या पत्रातली ही भाषा आम्ही चौकात नक्कल करून लोकांना हसवायचो.

मी दुसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपर घेतला. प्रतिज्ञापत्र केलं, माझ्या एकटीच्या नावाने. गाणं मामाचं, शब्द आणि चाल दोन्ही. वहीतलं अक्षर माझं, रचना माझी नाही. पुस्तिकेची जुळवाजुळव मी केली, नाव मी वगळलं, शेवटच्या पानावरची चौकट मी लिहिली. नोटरीने वाचून चष्म्यावरून पाहिलं. "हे तुमच्याच विरुद्ध जातंय, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय, शिक्का मारा.

ढोलवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना म्हणाला, "ठेका मी वाजवला, ता पन लिवा." लिहिलं. का नाही लिहायचं?

संघटनेने मला पत्र पाठवलं. व्यक्तिवादी प्रवृत्ती, शिस्तभंग, वगैरे. पत्राखाली पाच जणांची नावं होती, पूर्ण, हुद्द्यांसकट. बिल्डरच्या वकिलाचं उत्तर आलं आहे, सहा पानी, त्यात आमची चौकट दोनदा. प्रकरण कुठपर्यंत जाईल मला माहीत नाही. टेम्पो अजून फिरतो. या लेखातही मी कुणाचं नाव घातलेलं नाही. बिल्डरचं घातलं तर त्याच्या वकिलाचं सातवं पान येईल. मामाचं घालणार होते, पण तो म्हणाला, "आदी त्या पुस्तकावर घाल. मंग बाकी."

प्रतिज्ञापत्राची एक प्रत मी त्याला दिली होती. त्याने ती मला वाचायला लावली, दोनदा, आणि कपाटात ठेवली. खूश झाला असं म्हणवत नाही. पण पुढच्याच हळदीत त्याने गाणं परत काढलं. फक्त आता आधी माईक हातात घेतो, ढोल थांबवतो, आणि स्वतःचं नाव सांगतो. नाव, बापाचं नाव, गाव. "यो गाना मी केला." मग गातो. लोकांना हसू येतं. आहेर देत उभ्या बायका तोंडाला पदर लावतात. बँजोवाला तार जुळवल्यासारखं करत मान खाली घालतो, त्याला लाज वाटते.

परवा खरवईच्या मांडवात मी होते. मामाने नाव सांगितलं, तर पुढचा एकजण ओरडला, "कलला मामा, कलला! आता वाजवा!"

"तुला कलला," मामा माईकवर म्हणाला. "त्या पातेल्यापाशी बसलाय, त्याला नाय कलला."

आणि पहिल्यापासून परत सांगितलं.